जुन्या मोटारीला रंग देण्यापूर्वीचे पत्राकाम

सोलापुरात जुनी मोटार बाळगणाऱ्याला एक वाक्य वारंवार ऐकावे लागते: आपली हवा कोरडी, इथे गाडीला गंज कसला धरतो? हे म्हणणे निम्मेच खरे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे मुंबईची खारी, दमट हवा आपल्याकडे नाही, हे कबूल. पण आपल्याकडे काळी माती आहे. सप्टेंबरात, म्हणजे सोलापुरात पाऊस सर्वांत जास्त पडतो त्या महिन्यात, चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या आतल्या घडीत आणि दाराखालच्या पोकळ पेटीच्या तोंडाशी जाऊन बसतो, वरून वाळून भेगाळतो आणि आतून मात्र पुढे कित्येक दिवस ओल धरून ठेवतो. त्यामुळे बाहेरचा रंग उन्हाने फिकटलेला पण अखंड आणि आतला पत्रा पापडासारखा झालेला, अशा गाड्या आपल्याकडे पुष्कळ दिसतात.

माझी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी मी पहिल्यांदा रंगवून घेतली तेव्हा तो रंग दोन पावसाळेही टिकला नाही. दाराच्या खालच्या कडेला फोड आले, मी नखाने एक फोड उचकटला आणि तळहाताएवढा पुटीचा, म्हणजे खड्डे भरायच्या लेपाचा, तुकडा हातात आला. त्याच्यामागे पत्राच नव्हता. भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून त्यावर पुटी थापलेली होती. त्या दिवसापासून मी पत्राकाम स्वतः शिकायला लागलो आणि जे शिकलो त्याचे सार असे: पत्र्याला दोन बाजू असतात, आपण पुढची पाहतो आणि गंज बहुतेक वेळा मागून येतो. पुढे सांगितलेले प्रत्येक काम करताना मागच्या बाजूचे काय, हा प्रश्न विचारत राहावा.

कामाची वेळ आणि जागा

हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवावे. या दिवसांत हवा कोरडी असते, पत्रा रात्रभर उघडा राहिला तरी सहसा तांबूस होत नाही आणि पुटी, प्राइमर (रंगाखालचा थर) यांना डब्यावर छापलेल्या वेळा मिळतात. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, तेव्हा पुटी पत्र्यावर पोहोचण्याआधी पाटीवरच घट्ट होते आणि फवारणीच्या बंदुकीतून निघालेला प्राइमर वाटेतच वाळून खरखरीत बसतो. पावसाळ्यात तर सकाळी घासून चकचकीत केलेला पत्रा संध्याकाळी पिवळसर झालेला आढळतो.

जागा शक्यतो बंदिस्त असावी. शहराच्या पूर्व भागात जागा घेतली असेल, तर शेजारी यंत्रमागाची शेड नाही ना, हे आधी पाहावे, कारण सुताची तूस हवेत तरंगत असते आणि ओल्या प्राइमरवर बसली की पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुसण्यासाठी नवे टॉवेल किंवा मागावरची चिंधी घेण्याचा मोह आपल्या गावात सहज होतो. त्याऐवजी अनेकदा धुतलेले, तूस न सुटणारे जुने सुती कापड वापरावे.

कागदपत्रांविषयी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. चासी क्रमांक कोरलेल्या पत्र्याला आणि क्रमांकाच्या पट्टीला ग्राइंडर लावू नये. तो भाग झाकून ठेवावा आणि त्याचे स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे. गाडीचा रंग बदलायचा असेल तर नोंदणी पुस्तकात त्याची नोंद करून घ्यावी लागते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते, परंतु त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. म्हणून खराब भाग बदलताना मूळ आकार सोडू नये.

गंज शोधणे

रंगावर दिसणारा फोड हा गंजाचा शेवटचा टप्पा असतो. खरा तपास गालिचे, सीट, दारांची आतली अस्तरे, रबरे, बीडिंग (बाहेरच्या शोभेच्या पट्ट्या) आणि दिवे काढल्यावर सुरू होतो. काढलेली प्रत्येक वस्तू छायाचित्र घेऊन, तिच्या स्क्रूसह वेगळ्या पिशवीत ठेवावी. बॅटरी काढावी. वेल्डिंग होणार असल्याने पेट्रोलची टाकीही काढून दूर ठेवावी; या बाबतीत कोणीही घाई करू नये.

पहिले साधन म्हणजे कापडात गुंडाळलेले लोहचुंबक. ते पत्र्यावरून फिरवत न्यावे. जिथे पकड एकदम सैल होते, तिथे खाली जाड पुटी आहे असे समजावे. दुसरे साधन जुन्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ. तिने हलकेच ठोकत गेल्यास निरोगी पत्रा खणखणतो, पुटी भरलेला भाग बद्द वाजतो आणि गंजलेली पेटी ठोकताच आतून गंजाचे पोपडे खाली गळल्याचा आवाज येतो. संशय येईल तिथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक जोर लावून टोचावे. भोक पडले तर वाईट वाटून घेऊ नये. ते भोक आधीपासून तिथेच होते.

पद्मिनीत आणि अँबेसेडरमध्येही नेहमी सापडणाऱ्या जागा अशा: गालिच्याखालचा तळ, विशेषतः चालकाच्या टाचेजवळचा, दारांखालच्या पेट्या आणि जॅक लावण्याच्या जागा, पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा कोपरा, हेडलाइटच्या वाटीभोवतीची कड, दारांच्या खालच्या घड्या, काचेच्या रबराचे खालचे कोपरे, वायपरखालची पेटी, डिक्कीत स्टेपनीखालचा भाग, आणि छताच्या कडेची पन्हाळ. बीडिंगच्या क्लिपसाठी पाडलेली भोकेही तपासावीत, कारण त्यांच्या कडांना रंग जेमतेम लागलेला असतो आणि पाणी तिथेच थांबते.

गंज सापडला की पाणी आत कसे आले, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. तळ सडला असेल तर दोष बहुधा तळाचा नसतो. समोरच्या काचेचे रबर कडक झालेले असते किंवा वायपरखालच्या पेटीचे निचऱ्याचे भोक मातीने बुजलेले असते. दार खालून सडते, कारण काचेच्या फटीतून आत आलेल्या पाण्याला बाहेर पडण्यासाठी ठेवलेली भोके आधीच्या रंगकामात पुटीने बुजवलेली असतात. कारण तसेच ठेवून नवा पत्रा जोडला, तर तोही काही वर्षांत त्याच वाटेने जातो.

रंग आणि गंज उतरवणे

संपूर्ण गाडी एकाच वेळी उघडी करू नये. एका वेळी एक दार किंवा एक मडगार्ड घ्यावे, त्याचे काम प्राइमरपर्यंत नेऊन मग पुढच्या भागाला हात घालावा. जुना रंग ग्राइंडरवर वायरचा ब्रश किंवा नायलॉनची जाळीदार चकती लावून उतरवता येतो. सपाट पत्र्यावर कडक घासणी चकती एका जागी टेकवून धरल्यास पत्रा तापतो आणि लाटा धरतो. बॉनेट, छत आणि दारांच्या बाहेरच्या पत्र्याला सँडब्लास्टिंग (दाबाने वाळू मारून घासणे) करून घेणेही पत्रा लाटा धरतो म्हणूनच टाळावे. तळाच्या जाड बैठकांसाठी, कंसांसाठी आणि चाकांसाठी मात्र ते उत्तम. वाळूच्या बारीक धुळीने फुप्फुसांना कायमची इजा होते आणि जुन्या रंगाच्या थरांत शिसे असू शकते, म्हणून घासकाम करताना चांगल्या प्रतीचा, तोंडाला घट्ट बसणारा मास्क आणि डोळ्यांना चष्मा असावाच.

छोटे कंस, बिजागऱ्या, क्लिप यांच्यासाठी स्वस्त आणि सुरक्षित उपाय म्हणजे लिंबूसत्त्व. १० लिटर पाण्यात साधारण अर्धा किलो लिंबूसत्त्व विरघळवून वस्तू रात्रभर बुडवून ठेवाव्यात, सकाळी ब्रशने घासून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळाव्यात, स्वच्छ पाण्याने धुवाव्यात आणि लगेच उष्ण हवेने वाळवून प्राइमर मारावा. स्प्रिंगसारख्या कडक पोलादी वस्तू मात्र यात टाकू नयेत. आम्लाने त्या ठिसूळ होऊन मोडू शकतात.

रंग उतरल्यावर गंजाचे तीन प्रकार समोर येतात. वरवरचा तांबूस थर ८० नंबरच्या आणि नंतर १२० नंबरच्या घासपेपरने संपूर्ण निघतो. दुसऱ्या प्रकारात पत्रा शाबूत असतो पण त्यावर खड्डे पडून तळाशी काळे ठिपके राहतात. ते घासून निघत नाहीत, कारण ठिपका निघेपर्यंत पत्राच पातळ होतो. अशा जागी फॉस्फरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर लावावा. त्याने उरलेल्या गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. काम झाल्यावर डब्यावर सांगितल्याप्रमाणे आम्ल पूर्ण काढून टाकावे, कारण त्याचा अंश राहिल्यास वरचा इपॉक्सी प्राइमर नीट पकड धरत नाही. तिसरा प्रकार म्हणजे आरपार भोक किंवा बोटाने दाबला तरी दबणारा पत्रा. तिथे कन्व्हर्टर, फायबर, एम-सील, पुटी यांपैकी कशाचाही उपयोग नाही. तो भाग कापावाच लागतो.

कापणे आणि जोडणे

पद्मिनी आणि अँबेसेडर यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळ, पेट्या, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. त्यामुळे दाराखालची पेटी सरळ कापून काढली तर गाडी मधोमध किंचित वाकते आणि नवी पेटी त्याच वाकलेल्या अवस्थेत जोडली गेली की दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. कापण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर भक्कम स्टँडवर चढवावी, दाराच्या चौकटीत लोखंडी नळीचा आडवा टेका वेल्डिंगचे टाके मारून पक्का करावा आणि दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. एका वेळी एकाच बाजूची पेटी कापावी, आणि जोडणी पक्की करण्याआधी दार लावून फटी पुन्हा मोजाव्यात.

कापताना गंजाच्या कडेवर थांबू नये. दोन्ही बाजूंनी स्वच्छ, चकचकीत धातू लागेपर्यंत, म्हणजे दिसणाऱ्या गंजाच्या किमान एक इंच पुढे जावे. कापलेल्या तुकड्याची मागची बाजू अवश्य पाहावी. पुढून रुपयाएवढे दिसलेले भोक मागून बशीएवढे असते. ठिगळाचा आकार आधी पुठ्ठ्यावर कापून बसवून पाहावा आणि कोपरे गोल ठेवावेत. बाहेरच्या भागासाठी २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा चालतो. तळासाठी आणि पेट्यांसाठी १८ गेज घ्यावा. लांब, सरळ घड्या हाताने ठोकत बसण्यापेक्षा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यातून वाकवून घेतल्यास काम नेटके होते. गंज धरत नाही म्हणून जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने त्यावरचे जस्त जळून जाते, त्या धुराने ताप येतो आणि जोडही सच्छिद्र बनतो.

ठिगळ जुन्या पत्र्यावर चढवून जोडणे सोपे असते, म्हणून बहुतेक ठिकाणी तेच केले जाते. पण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत ओल साठते आणि लोखंडाच्या मानाने गंजाला जागा कितीतरी जास्त लागत असल्यामुळे ती फट आतून फुगत जाते. बाहेरच्या पत्र्यावर ठिगळ कडेला कड भिडवून, सुमारे एक मिलिमीटर फट ठेवून जोडावे. ज्या ठिकाणी पत्रे एकावर एक येणे अटळ आहे, तिथे दोन्हींच्या आतल्या बाजूंना वेल्ड-थ्रू झिंक प्राइमर (ज्याच्यावरून वेल्डिंग करता येते असा जस्ताचा प्राइमर) लावूनच ते एकत्र आणावेत.

आपल्याकडे दोन प्रकारचे वेल्डिंग उपलब्ध आहे. जुने मिस्त्री गॅसच्या ज्योतीवर काम करतात. त्याचा जोड मऊ राहतो आणि हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) ठोकून सपाट करता येतो, पण उष्णता दूरवर पसरून पत्रा वाकतो. ज्याचा हात बसलेला नाही त्याने सीओटू वेल्डिंगच (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आडोशाने, तारेने होणारे विजेचे वेल्डिंग) करावे. त्यातही सलग रेघ कधी ओढू नये. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, तिसरा मध्यभागी, असे करत जावे, आणि हात लावता येईल इतका पत्रा निवल्यावरच मधल्या जागा भराव्यात. हाताएवढ्या ठिगळाला अर्धा दिवस लागला तरी तो वेळ वाया गेलेला नसतो. आधीच्या कोणी पितळेने जोड दिला असेल, तर तो सगळा भाग कापून टाकावा. पितळ मिसळलेल्या लोखंडावर घेतलेला वेल्ड तडकतो.

वेल्डिंग करताना वाळूची बादली आणि अग्निशामक जवळ असावा, आणि काम संपल्यावर अर्धा तास कोणीतरी गाडीजवळ थांबावे, कारण तळाचे जुने डांबरी कोटिंग आणि नमद्याचे उरलेले तुकडे आत धुमसत राहतात. जोड घासताना फक्त उंचवटा काढावा, शेजारचा पत्रा नाही. त्यानंतर लगेच मागच्या बाजूकडे वळावे. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला सगळा रंग जळालेला असतो आणि इतका उघडा, इतका तहानलेला पत्रा गाडीत दुसरीकडे कुठेही नसतो. हात पोहोचत असेल तर ब्रशने घासून इपॉक्सी प्राइमर लावावा. बंद पेटी असेल तर पुढे गंजरोधक मेण सोडण्यासाठी आत जाण्याची वाट कुठून आहे, हे आताच ठरवून ठेवावे.

पोचे काढणे

पोचा ज्या क्रमाने पडला त्याच्या उलट क्रमाने काढावा, हा जुन्या डेंटर मंडळींचा नियम अगदी योग्य आहे. धक्का बसला तो खोल बिंदू सर्वांत आधी तयार होतो आणि कडेची उंच घडी शेवटी. म्हणून मागून डॉलीचा आधार देऊन आधी कडेची घडी हलक्या, असंख्य ठोक्यांनी बसवत यावे; खोल भाग बराचसा आपोआप वर येतो. खोल भागावरच मागून मोठी हातोडी हाणली तर पत्रा ताणला जातो आणि मग दाबले की आत, सोडले की बाहेर, असा तो डुगडुगू लागतो. अशा जागी नाण्याएवढा भाग लाल होईपर्यंत तापवून, भोवती हलके ठोकून ओल्या फडक्याने निववला की पत्रा आवळतो. डोळ्यांपेक्षा तळहातावर विश्वास ठेवावा. पातळ सुती कापड हाताखाली घेऊन पत्र्यावरून लांब फिरवल्यास अर्धा मिलिमीटरचा फरकही कळतो.

प्राइमर, पुटी आणि पाण्याचा प्रश्न

उघड्या पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर हाच पहिला थर असावा. स्वस्त म्हणून वापरला जाणारा साधा प्राइमर ओल शोषतो आणि त्या अवस्थेत गाडी महिनाभर अंगणात राहिली तर खालून पुन्हा गंज सुरू होतो. प्राइमरपूर्वी पत्रा ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसावा, एका फडक्याने ओला करून दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपावा, आणि त्यानंतर उघडा हात लावू नये. घामातले मीठ बोटांच्या ठशांसह प्राइमरखाली राहते. सांध्यांवर सीम सीलर भरायची वेळ इपॉक्सीनंतरची. तो वाळला की पन्हाळीत आणि वायपरखालच्या पेटीत पाणी ओतून ते नेमके कुठून बाहेर पडते हे पाहावे.

पॉलिस्टर पुटीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर पोचा अजून निघालेला नाही असे समजून पुन्हा हातोडी घ्यावी. पुटी घट्ट करणारा हार्डनर वजनाने साधारण दोन टक्के पुरतो. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर त्याचा डाग पुढे रंगातून वर उमटतो. एका वेळी लिंबाएवढीच पुटी कालवावी आणि घासताना पेपर हातात न धरता लांब लाकडी फळीला लावावा, नाहीतर बोटांच्या खोलगटी उठतात. आधी ८० नंबर, मग १५०, मग २४०.

आपल्याकडे जुन्या सवयीने पुटी वॉटर पेपरने, पाणी मारत घासली जाते, आणि सोलापुरातले माझ्या पाहण्यातले अनेक फोड तिथेच जन्मले आहेत. पॉलिस्टर पुटी स्पंजासारखी पाणी पिते. वरून ती दोन तासांत वाळलेली दिसते, आत मात्र पाणी पत्र्यापर्यंत पोहोचलेले असते. त्यात नळाला रोज पाणी येत नसल्याने गॅरेजमध्ये बहुधा बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले जाते. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तेच क्षार पुटीत आणि प्राइमरवर उरतात, रंगाखाली बसून हवेतली ओल ओढून घेतात आणि पहिल्याच पावसाळ्यात बारीक फोड वर येतात. म्हणून पुटी नेहमी कोरडीच घासावी. त्यावर टू-के सरफेसरचे, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या आणि घासून सपाट करायच्या प्राइमरचे, दोन-तीन हात मारावेत. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट घातक असल्याने फवारणी अनुभवी माणसाने, योग्य मास्क लावून, हवेशीर जागी करावी. सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून फळीने घासल्यास जिथे काळे राहते तिथे खड्डा आहे हे दिसते. सरफेसर पूर्ण कडक झाल्यावर शेवटचे घासकाम ६०० ते ८०० नंबरच्या वॉटर पेपरने करता येते, पण त्यासाठी पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार आणावा. सबंध गाडीला एक-दोन जार पुरतात.

रंगाला गाडी देण्याच्या आदल्या दिवशी मी दिवा घेऊन गाडीखाली जातो आणि दारांची, पेट्यांची, वायपरखालच्या भागाची निचऱ्याची सगळी भोके जाड तारेने मोकळी करतो, कारण सीलर आणि सरफेसर त्यांत हमखास शिरलेले असतात. रंगाऱ्याला प्रत्येक भोक बोट ठेवून दाखवावे आणि ते बुजवू नये असे सांगावे. रंग भट्टीत किंवा उन्हात पूर्ण वाळला की आधी ठरवलेल्या वाटांनी, लांब नळीच्या बंदुकीने, पेट्यांत आणि दारांत पातळ कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे आधी सांगितलेले गंजरोधक मेण, सोडावे. ते खालच्या भोकांतून थेंब थेंब बाहेर यायला लागले म्हणजे आतली घडी भिजली असे समजावे. थेंब थांबले की तीच भोके तारेने पुन्हा एकदा उघडावीत.